प्रभुअण्णाची काटी

मुंगसरीत माणूस मेलं की दोन निरोप जायचे. एक पाहुण्यांना आणि दुसरा रावजीला. पाहुणे आले नाहीत म्हणून मढं उचलायचं कुणी थांबत नव्हतं, पण सावडायच्या दिवशी रावजी नसला तर गावाला जेवणात मीठ नसल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी राख गोळा झाली, नैवेद्याला कावळा शिवला, की मसणवट्यात भाषणं व्हायची आणि शेवटचं भाषण रावजीचं. गडी बार्शी डेपोला कंडक्टर होता. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज. पेन्शनीत आल्यावर तो आवाज मोकळा सोडायला त्याला मसणवट्याइतकी चांगली जागा गावात दुसरी सापडली नाही.

आणि बोलायचा काय? मेलेला कसलाही असो, रावजीच्या तोंडातून गेला की धुऊन निघायचा. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे, गोरगरिबांचे कैवारी. शब्द ठरलेले. मग गळा जरा दाटायचा, उपरण्याचं टोक डोळ्याला लागायचं, 'असा माणूस पुन्हा होणे नाही' म्हणून माईक खाली. बायका डोळे पुसायच्या. त्या माणसाच्या नावानं जन्मभर बोटं मोडलेल्या बायकासुद्धा पुसायच्या. गावच तसलं. जित्या माणसाला पाणी विचारणार नाहीत आणि मेल्यावर चौकात बैलगाडीएवढा फलक लावतील.

खरं भाषण घरी व्हायचं. दारातल्या दगडावर अंघोळ करून, कडुलिंबाचा पाला दाताखाली धरून रावजी चुलीपुढं पाटावर बसायचा. गिरिजाबाई, त्याची बायको, भाकरी थापत असायची. मग रावजीच्या तोंडाला खरी धार चढायची.

त्या पौषात चनबसप्पा वाणी गेला. त्यांच्यात पुरतात, राख सावडायची नसते, म्हणून रावजी खड्ड्याच्या कडेलाच उभा राहून बोलला. गावाचा अन्नदाता हरपला म्हणाला. घरी आला आणि पहिला घास मोडताना म्हणाला, "अन्नदाता म्हनं. जवारीत खडं घालून निम्म्या गावाचं दात पाडलं त्यानं. माझी ही दाढ कुनामुळं गेली? खड्ड्यात बसवला तवाबी मूठ झाकलेली व्हती. आत पारड्याचा दगड असंल."

पंधरवड्यात माजी सरपंच वैजयंतीबाई गेल्या. रावजी म्हणाला, स्त्रीशक्तीचा बुलंद आवाज शांत झाला. घरी म्हणाला, "आवाज. सगळ्या ग्रामसभांत मिळून ती बाई एकदा बोलली. पंखा लावा म्हनाली. सहीसुदिक नवरा करायचा. आन तो नवरा आज माझ्या गळ्यात पडून रडला, आता सही कुनाची करू म्हनून रडत असंल."

गिरिजाबाई हसू दाबून म्हणाली, "मेलेल्या मान्साला असं बोलू न्हाई."

"मग कवा बोलू? जिता असताना बोलावं तर तो ऐकतो की."

"मग तितं मसनात बोलायचं ह्यातलं एखादं."

"खुळी का काय तू? गावात ऱ्हायचंय."

गिरिजाबाई तव्यावरची भाकर उलटायला वळली. वळली म्हणजे सगळी वळली, पाटासकट. तिला नुसती मान वळवता येत नव्हती. गेल्या साली ऊस डोक्यावरनं वाहताना ती ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरनं घसरली, मोळी डोक्यावर तशीच आणि पाय पुढं. तेव्हापासून मान खुंटीसारखी. कुणी डावीकडनं हाक मारली तर ती अंगानं फिरायची. लोक म्हणायचे, रावजीची बायको लई ताठ झालीया.

ऊस डोक्यावरनं का वाहिला, तर वाटेला प्रभुअण्णा होता.

प्रभुअण्णा रावजीचा थोरला चुलतभाऊ. आजोबांच्या वाटणीत रावजीचं रान आतल्या अंगाला गेलं आणि सडकेकडचं प्रभुअण्णाला. पूर्वीची गाडीवाट प्रभुअण्णाच्या बांधावरनं. बापांच्या काळात तिथनं बैलगाड्या गेल्या, लग्नाची वरात गेली. मग एका साली दोघांत बांधावरच्या बाभळीवरनं जुंपली. बाभूळ कुणाची हे काही ठरलं नाही; ती वठून पडली तरी ठरलं नाही. पण प्रभुअण्णानं तिच्याच काटेरी फांद्यांची काटी वाटेवर आडवी टाकली, आणि दरसाल पावसाळा सरला की काटी नवी करायचा. घराचं छप्पर गळत असलं तरी गळू दे, काटी मात्र ताजी. वर गडी बेरका असा की कज्जा लागला तर बाईमाणसाला बघून साहेब लोक दया करतील म्हणून तेवढं बांधाकडचं रान त्यानं बायकोच्या, दगडाबाईच्या नावावर करून ठेवलं. आयुष्यात बायकोला दिलेली ती एकुलती एक वस्तू, तीही भाऊबंदाला आडवं जायला.

दोन्ही घरच्या बायकांनी बांधावरनं एकमेकींशी बोलायचं नाही, असाही त्याचा हुकूम होता. एकदा रावजीची म्हैस विताना आडली. डॉक्टर पलीकडं सडकेला फटफटी धरून उभा आणि म्हैस अलीकडं. दगडाबाईनं काटी बाजूला ओढली आणि म्हशीला वाट दिली. रात्री प्रभुअण्णानं तिचं डावं मनगट कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडलं. हाड बसवायला तिला कुणी नेलं नाही. ते आपलं आपण वाकडं बसलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गाव तेव्हा म्हणालं, घरातली गोष्ट हाय.

यंदा रावजीनं चूक केली. कारखान्याची टोळी लवकर मिळाली, बीडकडची माणसं, चांगली हाताला चपळ. रावजीच्या मनात आलं, आधी वाट मागत बसलो तर हा नाहीच म्हणणार. ऊस तोडून भुईवर पडलेला दिसला की कसाही झाला तरी शेतकरी आहे, तोडलेला ऊस वाळताना बघवणार नाही त्याला. असा हिशोब शेतकरीच करू जाणे. फडात कोयते चालू झाले, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे ढीग लागले, आणि मोळ्या बांधून झाल्यावर रावजी उपरणं झटकत बांधावर गेला.

प्रभुअण्णा तिथंच होता. हातात बेळकं, म्हणजे काटी ढकलायची दुफाट्याची काठी. ऊस तुटलेला बघून जुन्या काटीवर आणखी काटी रचत होता. अंगात बंडी, घामानं पाठीला चिकटलेली. गडी तोंडानं श्वास घेत होता.

"अण्णा, ऊस तोडून पडलाय," रावजी म्हणाला. "ट्रॉली तेवढी जाऊ दे. पुन्हा काटी मी सोता टाकून देतो."

"जाऊ दे की." प्रभुअण्णानं बेळकं आभाळाकडं केलं. "वरनं जाऊ दे."

"वाळायलाय रं ऊस."

"वाळू दे. तुजं तोंड तरी गोड हाय की. मसनात लई गोड बोलतुया म्हनं."

रावजीला झोंबलं. दाताखाली उत्तर तयार होतं, चांगलं जहरी होतं, पण ट्रॉलीच्या आशेनं त्यानं ते गिळलं. "वैनी बऱ्या हाईत का?" म्हणाला. प्रभुअण्णानं बाभळीची मोठी फांदी बेळक्यात अडकवून जोर लावला. फांदी निम्मी सरकली. मग बेळकं हातातनं सुटलं, तो खाली बसला, आणि बसल्याचा आडवा झाला.

रावजीला आधी वाटलं, सोंग करतोय. हा माणूस सोंग करायला कमी नव्हता. मोजणीवाला आला तेव्हाही असाच बांधावर झोपला होता. म्हणून रावजी जरा वेळ नुसता बघत राहिला. मग एक माशी प्रभुअण्णाच्या ओठावर बसली आणि उठली नाही, तेव्हा तो ओरडत पळाला.

घरी आल्यावर गिरिजाबाईला म्हणाला, "मेला तोबी वाटंत आडवा पडून. मरताना सुदिक जागा सोडली न्हाई."

गिरिजाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि किती वर्षांनी बांध ओलांडून जावेकडं गेली.

युवराज, प्रभुअण्णाचा एकुलता एक पोरगा, दुपारी पुण्याहून मोटारीनं आला. पुण्यात कंपन्यांना माणसं पुरवायचं काम करायचा. पांढरी कडक इस्त्री, गळ्यात साखळी, आणि येत्या निवडणुकीत जिल्हा परिषदेला उभं राहायचं मनात. बापाशी त्याचं वर्षवर्ष बोलणं नव्हतं. पण मढं उचलायच्या आधीच चौकात फलक लागला. त्यावर प्रभुअण्णा हसत होते. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून गाव फलकापुढं उभं राहून बघत होतं. कुणीतरी म्हणालं, तोंड जोडून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी युवराज रावजीच्या दारात आला. पायातली चप्पल न काढता ओट्यावर टेकला.

"काका, उद्या सावडायला तालुक्याचं सायेब येनार हाईत. गाड्या येनार. शेवटी तुमी बोलायचं."

"मी?" रावजी म्हणाला. "आमचं न्हाई जमत, गावाला म्हाईत हाय."

"म्हनून तर. भांडन व्हतं त्यानंच चांगलं म्हनलं की गावाचं तोंड बंद. मोबाईलवर घेनार हाय मी तुमचं भाषन. चांगलं बोला काका, गळा दाटू द्या. तुमच्यासारखं कुनाला येतंय?"

"आन वाट?"

"बोलून झालं की काटी मीच काढतो."

रावजीनं घरात बघितलं. गिरिजाबाई उंबऱ्याशी अंगानं अर्धी वळून उभी होती. तिच्या ताठ मानेकडं बघत तो म्हणाला, "बोलतो."

दिवसभर तो फडात मोळ्यांवर बसून एक चांगली गोष्ट हुडकत होता. चनबसप्पानं निदान उधार दिलं होतं. वैजयंतीबाई निदान कुणाला मारत नव्हती. खोट्याला टेकायला टिचभर खरं लागतं, तेवढं प्रत्येकाचं निघायचं. प्रभुअण्णाचं निघेना. रावजीला त्याच्या प्रत्येक दिवसाचा राग पाठ होता. सख्ख्या बहिणीला भाऊबीजेला दारातनं परत लावली. गावच्या नळाला स्वतःच्या रानातनं पाइप जाऊ दिला नाही. कुत्रं पाळलं तेही लोकांना चावणारं, आणि ते मेल्यावर म्हणाला, लोकांचं रक्त बाधलं. असल्या माणसाला मनमिळाऊ म्हणायचं म्हणजे जिभेला फोड येईल.

मुकादम येऊन समोर उकिडवा बसला. "मामा, ट्रॉली कवा? पोरं बसून हायती. उद्या दुपारपत्तुर मोळ्या हलल्या न्हाईत तर टोळी खालच्या फडात जानार. कारखान्याचा सांगावा हाय. मागनं तुमी हाय आन तुमचा ऊस हाय."

"उद्या सकाळी वाट व्हतीया."

"मग बाया मोळ्या वाहतील का ओढ्यातनं? मागल्या साली म्हनं वाहिल्या."

"ते आता व्हनार न्हाई," रावजी म्हणाला.

संध्याकाळी चुलीपुढं बसून त्यानं प्रभुअण्णाचं खरं भाषण गिरिजाबाईपुढं केलं. इतकं फर्डं तो कधी बोलला नव्हता. मनगटापाशी आला तेव्हा त्याचा आवाज खरोखरचा दाटला. "म्हस आपली जगली, आन तिचा हात गेला," म्हणाला. "आमी सगळ्यांनी बघितलं आन जेवून झोपलो."

गिरिजाबाईचा हात पिठात थांबला. "हेच बोला उद्या."

"मग वाट कशी मिळंल?"

तिनं भाकर थापायला घेतली. नेहमीपेक्षा जोरानं थापली.

मसणवटा ओढ्याच्या काठाला. तिथनं प्रभुअण्णाचं रान दिसतं, वाट दिसते, आणि वाटेवरची काटीही. सकाळी थंडी होती. पुरुषांनी राख सावडून पोत्यांत भरली, पाणी शिंपडलं, नैवेद्य मांडला. कावळ्यानं फारसं मनावर घेतलं नाही, आला, शिवला, गेला. जिता असताना शेजारी फिरकत नव्हते, निदान कावळा तरी आला. बायका बाभळीखाली बसल्या होत्या. पुढं दगडाबाई, वाकडं मनगट पदरात घेऊन. तिला लागून गिरिजाबाई.

तालुक्याच्या साहेबांनी प्रभुअण्णाचं नाव चिठ्ठीवर बघून घेतलं आणि आपलं नि त्यांचं जिव्हाळ्याचं नातं होतं म्हणाले. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष उठले. ज्या माणसामुळं समितीच्या निम्म्या बैठका झाल्या त्याला त्यांनी शांततेचा पुजारी म्हटलं आणि आपल्याच शब्दाला ठेचकाळून खोकले. युवराज मान खाली घालून उभा होता. मधूनच वर बघून भाषण टिपायला उभं केलेलं पोरगं मोबाईल नीट धरतंय का ते बघायचा.

मग रावजीच्या हातात माईक आला.

रावजीनं मनात एक डाव मांडला होता. बोलून झालं की युवराज काटी काढेल, ह्याचा काय भरवसा? प्रभुअण्णाचंच रक्त. म्हणून स्तुतीतच खुंटी मारून ठेवायची. चारचौघांत, साहेबांदेखत, मोबाईलवर. गळा साफ करून त्यानं सुरुवात केली.

"प्रभुअण्णा माझे थोरले बंधू. मनमिळाऊ. कष्टाळू. धार्मिक वृत्तीचे." आवाज ओढ्यापलीकडं गेला. "आमच्यात लोकांनी भांडणं लावली, पण अण्णांचं मन मोठं होतं. अण्णांनी जन्मात कधी कुणाची वाट अडवली नाही. आणि त्यांचे चिरंजीव युवराज आज ह्याच ठिकाणी..."

बायकांतनं कुणीतरी फिस्सकन हसलं.

रावजी थांबला. माना वळल्या. तोंडावर पदर असल्यानं आधी कळेना, कोण. मग सगळ्यांना दिसलं, हसत होती ती दगडाबाई. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले, आणि खांदे हलतायत. हसू तिला आवरत नव्हतं. ते शेजारणीला लागलं, तिच्याकडनं मागच्या रांगेला, आणि पुरुषांतही दोघंतिघं घसा खाकरायच्या निमित्तानं पाठमोरे झाले.

"आई," युवराज दातओठ खाऊन म्हणाला, "सायेब बसल्यात."

"बसू दे." दगडाबाई भुईला हात टेकून उठली. उजवा टेकला, डावा टेकता येत नव्हता. "भावजी, थांबा वाईच. कुनाविषयी बोलायलाय तुमी?"

रावजीनं माईक खाली घेतला.

"माझा जलम गेला ह्या मान्सासंगं. आज तीन दिस लोकं येत्यात, देवमानूस व्हता म्हनत्यात. मला वाटाय लागलं, माझंच डोकं फिरलंय का काय. मग मी नांदले ते कुनाजवळ?" तिचा आवाज चढला नाही. "भावजी, तुमी शेजारी व्हता. तुमी सगळं बघितलंय. एकदा खरं बोला. जास्त न्हाई, एकच गोष्ट. जे मला दिसलं ते दुसऱ्या कुनाला तरी दिसलं व्हतं, एवढं मला ऐकू द्या. बांधाचं रान माझ्या नावावर हाय. तुमी खरं बोला, मी आत्ता ह्या पावली काटी काढते."

साहेबांनी घड्याळ बघायचं म्हणून मनगट वर केलं आणि तसंच ठेवलं.

रावजीला ह्याहून सोपं काय पाहिजे होतं? खोट्याला वाट मिळणार होती ती आता खऱ्याला मिळत होती. काल चुलीपुढं केलेलं भाषण जसंच्या तसं डोक्यात होतं. मनगट, म्हैस, आमी जेवून झोपलो. त्यानं माईक तोंडाशी नेला. समोर युवराज, डोळ्यांनी खायला उठलेला. बाजूला साहेब. मागं सगळं गाव, ज्याच्यात राहायचं होतं. आणि बाभळीखाली गिरिजाबाई, सगळ्या अंगानं त्याच्याकडं वळून बसलेली.

"प्रभुअण्णा," तो म्हणाला. "प्रभुअण्णा म्हणजे..." माईकमधनं त्याचा श्वास गावभर ऐकू आला. त्यानं पुन्हा जोर केला. जीभ वळली ती वर्षानुवर्षांच्या चाकोरीत वळली. "मनमिळाऊ," तो म्हणाला. "कष्टाळू."

दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. राग असता तर रावजीला सोसला असता. बाजारात किडका हरभरा बघून बाई हात मागं घेते, तशी तिनं नजर काढून घेतली.

"बसा," ती म्हणाली.

मग तिनं पदरातनं मनगट बाहेर काढलं आणि राखेच्या जागेकडं तोंड करून म्हणाली, "आडलेल्या म्हशीला वाट दिली म्हनून ह्यानं माझा हात मोडला. फुडं एकदाबी दुखतंय का म्हनून इचारलं न्हाई. बास. त्याचं एवढंच व्हतं."

युवराज पुढं आला आणि तिचा दंड धरायला गेला. "आई, मानसिक धक्का बसलाय तुला."

"तुझ्या बापाचा हात असाच पुढं यायचा," ती म्हणाली. युवराजचा हात खाली गेला. पोरगं अजून मोबाईल धरून होतं. युवराजनं तो हिसकून घेतला.

"गिरजे, चल," दगडाबाई म्हणाली.

दोघी जावा बाभळीखालनं निघाल्या, अनवाणी, रानातनं सरळ बांधाकडं. एकीला मान वळेना आणि एकीला हात. काटीपाशी जाऊन दगडाबाईनं प्रभुअण्णाचं पडलेलं बेळकं उचललं, उजव्या हातात धरलं, आणि गिरिजाबाईनं फांदीच्या बुडख्याला हात घातला. फांद्या एकात एक अडकलेल्या. पुरुषमाणसं मसणवट्यातनं बघत उभी होती. मदतीला जावं की जाऊ नये, हे एकालाही ठरवता येईना. तंटामुक्तीच्या अध्यक्षांना काहीतरी करणं भाग होतं. ते म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." ह्या गावाला ते चांगलं जमतं.

दुपारी ट्रॉली आली. मुकादमाची पोरं मोळ्या फेकत होती, वरचा झेलत होता, ऊस रचला जात होता. रावजी कुणाच्या मध्ये न येता सांडलेली कांडी वेचत होता. बिडी ओढणाऱ्या गड्यानं एकदा विचारलं, "मामा, तुमीच का ते भाषनवालं?" रावजी पुढचं कांडं उचलायला वाकला.

पहिली ट्रॉली भरून निघाली. रावजी वाढ्यांची पेंढी काखेत मारून तिच्या मागनं चालत बांधापर्यंत आला. वाट मोकळी होती. जुन्या चाकोऱ्या गवताखालनं अजून कळत होत्या. बाजूला ओढलेल्या काटीच्या सावलीत दोघी जावा बसल्या होत्या. हातांवर ओरखडे. गिरिजाबाई दगडाबाईच्या तळव्यातला काटा सुईनं काढत होती, आणि तिला मान वाकवता येत नसल्यानं दगडाबाईनंच हात वर, तिच्या डोळ्यांपुढं धरला होता. किती वर्षांचं तुंबलेलं बोलत होत्या. ट्रॉली चढाला अडली, ड्रायव्हरनं गिअर बदलला, आणि तेवढ्यात रावजीला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"भावजींच्या मागं कोन बोलंल गं?" दगडाबाई विचारत होती. "गावात तर दुसरं कुनी न्हाई बोलनारं."

"मी बोलीन की."

"काय बोलशील?"

गिरिजाबाईनं काटा उपसला, नखावर घेऊन बघितला आणि टाकून दिला.

"सगळं खरं ठाऊक व्हतं त्यास्नी, अक्का," ती म्हणाली. "सगळं. मी भाकरी थापताना मला सांगायचे."

दगडाबाई हसली नाही. तिनं दुसरा हात पुढं केला.

रावजी पेंढी धरून तिथंच उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मागनं दुसरी ट्रॉली आली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"ओ मामा," ड्रायव्हर ओरडला, "वाट सोडा की."

रावजी बाजूला झाला.